पडद्यावरून पालकांना शिकवताना: अमेरिकेतली स्पॅनिशभाषक घरं आणि लहान मुलांचा ऑटिझम

अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. कुणी मेक्सिकोहून आलेलं, कुणी ग्वातेमाला किंवा एल साल्वादोरहून, कुणी पोर्तो रिकोचं. भाषा एक असली तरी खाणंपिणं, शिक्षण, नोकरीच्या वेळा आणि कागदपत्रांची स्थिती घरागणिक वेगळी. अशा घरातल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे असं कळलं, की पहिली अडचण येते ती त्याच्याबरोबर रोज काम करणारं माणूस मिळण्याची. स्पॅनिश बोलणारे थेरपिस्ट कमी आणि त्यांच्याकडच्या रांगा लांब. म्हणून गेल्या दीड-दोन दशकांत एका वाटेवर बरंच काम झालं आहे: आईवडिलांनाच शिकवायचं, त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरी, इंटरनेटवरून.

ऐकायला हे सोपं वाटतं. चांगले व्हिडिओ बनवा, स्पॅनिशमध्ये आवाज द्या, लिंक पाठवा. बहुतेक प्रयत्न नेमके इथेच फसतात. व्हिडिओ हा प्रशिक्षणाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी परिणाम करणारा भाग असतो.

गरज किती आणि कुठे

अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था देशातल्या निवडक भागांमध्ये आठ वर्षांच्या मुलांच्या नोंदी तपासून ऑटिझमचं प्रमाण काढते. २०२२ सालच्या नोंदींवरून ते दर ३१ मुलांमागे एक इतकं आलं. बरीच वर्षं या आकडेवारीत गोऱ्या मुलांचं प्रमाण लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, मुलांपेक्षा जास्त दिसायचं. त्याचा अर्थ लॅटिनो मुलांना ऑटिझम कमी होतो असा नव्हता. त्यांचं निदानच होत नव्हतं. २०२० सालच्या नोंदींत हे चित्र पहिल्यांदा उलटं झालं.

निदान आधी का होत नव्हतं, याची एक झलक २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या पाहणीत दिसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी, की प्रत्येक मुलाची विकासाची सर्वसाधारण चाचणी ठरलेल्या वयात व्हावी आणि ऑटिझमसाठी १८ आणि २४ महिन्यांना वेगळी चाळणी व्हावी. या दोन्ही गोष्टी स्पॅनिशमध्ये आणि शिफारशीप्रमाणे करणारे डॉक्टर दहांत एक निघाले. खरं तर चाळणीसाठी वापरली जाणारी एम-चॅट ही प्रश्नावली स्पॅनिशमध्ये फुकट मिळते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्न, उत्तरं हो किंवा नाही. धोक्याकडे बोट दाखवणारी उत्तरं दोनपर्यंत असतील तर काळजी कमी. तीन ते सात असतील तर त्या प्रश्नांवर पालकांशी पुन्हा सविस्तर बोलायचं. आठ किंवा जास्त असतील तर थेट तज्ज्ञाकडे. ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे, हे पालकांना सांगायचं मात्र राहून जातं आणि घरी रडारड सुरू होते.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सरकारी योजनेतून थेरपिस्ट मिळाला, तरी तो आठवड्याला फार तर काही तास येतो. दोन वर्षांचं मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ऐंशीच्या वर. उरलेल्या तासांत मुलाशी कोण बोलतं, त्याला कोण भरवतं, कोण अंघोळ घालतं? पालकांना शिकवण्यामागचं सगळं गणित या एका प्रश्नात आहे.

नेमकं शिकवतात काय

लहान मुलांसाठी आज ज्या पद्धती पुढे आल्या आहेत त्या खेळ आणि रोजचे व्यवहार यांतूनच शिकवणाऱ्या आहेत. टेबलाशी बसवून कार्डं दाखवणं त्यात फारसं नसतं. डेन्व्हर मॉडेल, जॅस्पर, प्रोजेक्ट इम्पॅक्ट अशी नावं वेगवेगळी असली तरी पालकांना दिलं जाणारं मूळ शिक्षण बरंचसं सारखं आहे.

पहिली गोष्ट: मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर या. मूल जमिनीवर असेल तर तुम्हीही जमिनीवर. मागून किंवा बाजूने बोललेलं ऑटिझम असलेल्या मुलापर्यंत पोचेलच असं नाही. मग त्याचं लक्ष ज्यात आहे त्यात शिरा. तो चमचा आपटतोय? तुम्हीही दुसरा चमचा घेऊन तसाच आपटा, थांबा, बघा. अनेक मुलं इथे पहिल्यांदा मान वर करून पाहतात. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, पण सारख्या वस्तूंची जोडी हाताशी लागते: दोन चमचे, दोन वाट्या, दोन गाड्या. एकच वस्तू असली की पालक ती मुलाच्या हातातून घेतात आणि नक्कल करण्याचा खेळ हिसकाहिसकीत संपतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची, आणि यात जवळजवळ प्रत्येक पालक एकाच ठिकाणी अडखळतो. मूल बोलत नाही म्हणून ते प्रश्न विचारत सुटतात. हे काय आहे? रंग कोणता? गाय कशी ओरडते? प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि उत्तर येत नसलं की मूल खेळ सोडून उठतं. त्याऐवजी जे चाललंय ते थोडक्या शब्दांत सांगत राहायचं. शब्द किती, याचा साधा नियम आहे: मूल जितकं बोलतं त्यापेक्षा एक शब्द जास्त. अजिबात बोलत नसेल तर एक शब्द, "आग्वा" (पाणी). एक शब्द बोलत असेल तर दोन, "मास आग्वा" (आणखी पाणी). वाक्य मोठं केलं की त्यातला कामाचा शब्द गर्दीत हरवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे बोलायला कारण देणं. सगळं हाताशी असेल तर मूल मागेल कशाला? आवडीचा खाऊ पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तोर्तियाचा, म्हणजे मेक्सिकन पोळीचा, एकदम मोठा तुकडा न देता लहान लहान तुकडे द्या. साबणाचे फुगे एकदा उडवा, बाटली बंद करा आणि थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा. मनात पाच ते दहा आकडे मोजा, चेहरा अपेक्षेचा ठेवा, तोंडातून शब्द नको. ही शांतता पालकांना फार जड जाते. रेकॉर्डिंग पाहिलं तर बहुतेक जण दुसऱ्या सेकंदाला "दी मास, दी मास" (मास म्हण, मास म्हण) करत मुलाच्या मागे लागलेले दिसतात.

थांबूनही काही आलं नाही, तर मदत करायची, आणि मदतीला पायऱ्या असतात. आधी नुसता हावभाव, मग शब्दाचा पहिला आवाज, मग पूर्ण शब्द, गरज पडली तर हाताला हलका आधार देऊन बोट दाखवायला लावणं. मुलाने डोळ्यांत पाहिलं, हात पुढे केला, आवाज काढला, यांपैकी काहीही केलं तरी तो संवाद धरायचा आणि फुगे लगेच उडवायचे. बक्षीस मागितलेल्या वस्तूचंच असावं. "मास" म्हटल्यावर फुग्यांऐवजी टाळ्या आणि गोळी मिळाली, तर मूल शब्द आणि त्याचा उपयोग यांची सांगड घालत नाही.

मदत हळूहळू काढून घेणं हा इथला सर्वांत दुर्लक्षित भाग. तीन आठवडे रोज पूर्ण शब्द आईच म्हणत राहिली, तर मूल आईच्या शब्दाची वाट पाहायला शिकतं, स्वतः बोलायला नाही. पाचांपैकी चार वेळा जमायला लागलं की एक पायरी मागे, असा ढोबळ हिशेब ठेवतात.

मग येतो तो भाग ज्यासाठी पालक खरं तर नाव नोंदवतात: भोकाड पसरणं, अंगावर धावून येणं, दुकानात आडवं पडणं. स्पॅनिश घरांत याला बेरिंचे म्हणतात आणि घरातली वडील मंडळी त्याचा दोष सरसकट लाडावर ढकलतात. प्रशिक्षणात याची तीन भागांत नोंद करायला शिकवतात: आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आठवडाभर अशा दहा-बारा नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते. सांगितलेलं काम टळतं, हवी ती वस्तू मिळते, कुणाचं तरी लक्ष वेधतं, किंवा गोंगाटातून सुटका होते. कारण कळलं की तेच मागण्याचा दुसरा मार्ग मुलाला द्यायचा: चित्राचं कार्ड, "पुरे" ची खूण, एखादा शब्द. १९८५ साली कार आणि ड्युरंड या संशोधकांनी मांडलेली ही कल्पना आजही या कामाचा कणा आहे.

इथे क्रम चुकला तर नुकसान होतं. पर्यायी मार्ग शिकवण्याआधीच "दुर्लक्ष करा" असा सल्ला दिला, की रडणं आधी वाढतं. चार दिवसांनी आई हार मानते आणि वस्तू देते. मूल एवढंच शिकतं की आणखी जोरात रडायचं. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं. आणि मूल स्वतःचं डोकं आपटत असेल, रस्त्यावर पळत असेल, न खाण्याच्या वस्तू गिळत असेल, तर व्हिडिओवरून शिकलेले उपाय करत बसायचं नाही. तिथे प्रत्यक्ष तज्ज्ञ हवा.

माहिती झाली, पुढे काय

२०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या, वागणुकीचे त्रास असलेल्या १८० ऑटिस्टिक मुलांच्या पालकांचे दोन गट केले होते. एका गटाला ऑटिझमबद्दल उत्तम माहिती दिली. दुसऱ्याला वागणूक हाताळण्याचं कौशल्य शिकवलं, सराव करून घेतला, घरी भेटी दिल्या. २४ आठवड्यांनी पालकांनीच दिलेल्या गुणांवरून चिडचिड पहिल्या गटात सुमारे ३२ टक्क्यांनी आणि दुसऱ्यात जवळपास ४८ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. माहितीही उपयोगी पडते, हे यात दिसतं. पण सरावाची भर पडली की फरक वाढतो.

इंटरनेटवरही तेच. मिशिगन स्टेट विद्यापीठात प्रोजेक्ट इम्पॅक्टचं ऑनलाइन रूप तयार झालं, तेव्हा काही पालकांना फक्त धडे दिले आणि काहींना धड्यांबरोबर दूरस्थ मार्गदर्शक. २०१६ च्या त्या लहान अभ्यासात दोन्ही गटांचे पालक सुधारले, पण मार्गदर्शक असलेले जास्त. कॅन्सस विद्यापीठातल्या ओॲसिस या कार्यक्रमाची रचनाही अशीच आहे: पालक आधी वेबवरचा धडा पुरा करतात, मग व्हिडिओ कॉलवर प्रशिक्षकासमोर आपल्या मुलाबरोबर तेच करून दाखवतात. दूरच्या गावांतल्या घरांसाठी सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे स्पॅनिशभाषक कुटुंबांसाठी जुळवून घेण्यात आला.

चांगलं सत्र कसं दिसतं? साधारण तासाभराचं धरू. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं गेल्या आठवड्यात काय जमलं, काय नाही यावर. मग पंधरा-वीस मिनिटं पालक मुलाबरोबर खेळतात किंवा रोजचं काम करतात आणि प्रशिक्षक कानातल्या ब्लूटूथमधून अगदी थोडं बोलतो: "थांबा… आता द्या… छान, तो पाहतोय." भाषण नाही. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चर्चा, आणि पहिला प्रश्न पालकांनाच: तुम्हाला काय दिसलं? शेवटी येत्या आठवड्यासाठी एकच कौशल्य आणि ते वापरायच्या दोन जागा. "रोज खेळा" असं सांगून काही होत नाही. "संध्याकाळच्या अंघोळीत पाणी ओतण्यापूर्वी थांबायचं", इतकं ठरलं तर होतं.

पालक पद्धत किती नेमकी वापरतात हे मोजतातही. दहा मिनिटांच्या चित्रफितीत थांबायच्या किती संधी होत्या आणि त्यांतल्या किती साधल्या. बऱ्याच कार्यक्रमांत ८० टक्के गाठले की पुढचा धडा. ही मोजणी पालकांना गुणपत्रिकेसारखी वाटू दिली तर ते कॅमेरा बंद ठेवायला लागतात, म्हणून आकडा सांगण्याआधी चित्रफितीतला मुलाने प्रतिसाद दिलेला क्षण दाखवणं शहाणपणाचं.

अपेक्षा किती ठेवायच्या, हेही पालकांना आधी सांगायला हवं. पालकांमार्फत चालणाऱ्या पद्धतींचा परिणाम पालकांच्या वागण्यावर आणि दोघांमधल्या देवाणघेवाणीवर सर्वांत ठळक दिसतो. मुलाच्या भाषेवर आणि लक्षणांवर तो हळू आणि असमान असतो. ब्रिटनमध्ये पॅक्ट नावाच्या पद्धतीचा १५२ मुलांवरचा अभ्यास २०१० साली आला, तेव्हा ऑटिझमच्या लक्षणांत ठोस फरक दिसला नव्हता. २०१६ साली त्याच मुलांना पुन्हा तपासलं तेव्हा तो दिसला. दोन महिन्यांत मूल बोलू लागेल असं सांगणाऱ्या जाहिरातीपासून लांब राहावं.

स्पॅनिशमध्ये आणणं म्हणजे काय

इंग्रजी धड्याला स्पॅनिश सबटायटल लावणं हे भाषांतराचं सर्वांत कच्चं रूप. आईची नजर एकाच वेळी चित्रफितीतल्या मुलाच्या हातांवर आणि खाली धावणाऱ्या ओळींवर राहू शकत नाही. आवाजच स्पॅनिश हवा. तोही सहावी-सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला सहज कळेल असा, आणि एका देशाच्या बोलीत न अडकलेला. पेय ओढायच्या नळीला मेक्सिकोत एक शब्द, कोलंबियात दुसरा. असे शब्द आले की वस्तू चित्रात दाखवून टाकावी, वाद मिटतो. ग्वातेमाला किंवा दक्षिण मेक्सिकोतून आलेल्या काही कुटुंबांची पहिली भाषा स्पॅनिश नसून माया कुळातली किंवा मिश्तेको असते, हेही नाव नोंदवतानाच विचारायला हवं. फॉर्मवर "स्पॅनिश" असं लिहिलेलं असतं आणि आई अर्धंच समजून मान डोलावत राहते.

त्याहून मोठा भाग प्रसंगांचा. मूळ व्हिडिओत बहुधा मोठी खोली, गालिचा, एक मूल, एक आई, खेळण्यांचं कपाट. इथे दोन खोल्यांच्या घरात आजी, मामा, तीन भावंडं, आणि वडील रात्रपाळी करून झोपलेले. जमिनीवर बसून खेळणं हे आईचं काम आहे, असं मुळात सगळ्याच घरांत मानत नाहीत; मुलांशी खेळायला भावंडं असतात. मग तंत्र तेच ठेवून जागा बदलायची. तोर्तिया लाटताना पिठाचा गोळा मागायला लावणं. कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं. मोठ्या बहिणीला नक्कल करण्याचा खेळ शिकवणं. आजीला वगळून आखलेला कार्यक्रम तर पहिल्याच आठवड्यात कोसळतो. आई थांबून वाट पाहत असते आणि आबुएला मागून येऊन मुलाच्या हातात पेला देऊन जाते. आजीला एका सत्रात बोलवा, तिच्याकडूनच एकदा करून घ्या. दहा व्याख्यानांनी होत नाही ते तेवढ्याने होतं.

या सगळ्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला नमुना म्हणजे पाद्रेस एन आक्सिओन. टेक्सास विद्यापीठाच्या सँड्रा मगान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला हा १४ सत्रांचा कार्यक्रम आहे. पहिल्या भागात मुलाचा विकास, ऑटिझम म्हणजे काय, सेवा कशा मागायच्या, शाळेशी कसं बोलायचं. दुसऱ्यात खेळ, संवाद आणि वागणूक. आईने स्वतःची काळजी कशी घ्यायची, नातेवाइकांना ऑटिझम कसा समजावायचा, यांनाही त्यात जागा आहे. शिकवणाऱ्या असतात प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतल्या, स्वतः ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया, ज्यांना त्यासाठी तयार केलेलं असतं. मुळात हे घरी जाऊन होत असे. कोविडच्या काळात ते व्हिडिओ कॉलवरही गेलं. पदवी नसलेली पण त्याच वाटेने गेलेली बाई जेव्हा "माझाही असाच करायचा" म्हणते, तेव्हा समोरची आई कॅमेरा बंद करत नाही.

तज्ज्ञ नसलेल्या माणसांकडून हे काम नीट होतं का, ही शंका आपल्याकडेही येते. त्याचं एक उत्तर गोव्यात मिळालं आहे. वर उल्लेख केलेल्या ब्रिटिश पॅक्ट पद्धतीचं दक्षिण आशियासाठी केलेलं रूप, पास, गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांच्या कुटुंबांबरोबर वापरून पाहिलं गेलं. बारा सत्रं, आणि ती घेणारे थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते होते. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांत पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद स्पष्टपणे सुधारलेला दिसला. शर्त एकच: कार्यकर्त्यांवर नियमित देखरेख हवी.

फोन, डेटा आणि कॅमेऱ्याचा कोन

प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत अमेरिकेतल्या गोऱ्या प्रौढांपैकी ८० टक्क्यांच्या घरी ब्रॉडबँड होतं, लॅटिनो प्रौढांपैकी ६५ टक्क्यांच्या. स्मार्टफोन मात्र दोन्हीकडे ८५ टक्क्यांच्या हातात. म्हणून लॅपटॉपसाठी बनवलेला अभ्यासक्रम इथे चालत नाही. धडा फोनवर, उभ्या पडद्यावर वाचता यायला हवा. व्हिडिओ तीन ते सात मिनिटांचे, वाय-फाय असेल तिथे उतरवून नंतर पाहता येणारे. पासवर्ड लक्षात ठेवावा लागणारी स्वतंत्र वेबसाइट ही गळतीची पहिली जागा. बहुतेक घरं व्हॉट्सॲपवर असतात, तर आठवण आणि दुवा तिथेच द्यावा.

थेट सत्रासाठी फोन हातात धरायचा नाही. टेबलावर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून, आडवा, मुलाच्या उंचीवर, दोन-अडीच मीटरवर. खिडकी कॅमेऱ्याच्या मागे यावी, समोर आली तर दोघांच्या नुसत्या सावल्या दिसतात. दूरदर्शन बंद. मूल सारखं पडद्याकडेच धावत असेल तर आपली प्रतिमा पडद्यावरून लपवायची सोय वापरा, नाही तर फोन कपाटावर ठेवा. पहिली पंधरा मिनिटं नुसती जोडणी तपासायला वेगळी ठेवली, की पहिलं सत्र "ऐकू येतंय का" यात जात नाही. आणि वेळ: दुपारच्या शिफ्टमधल्या आईला सकाळी अकराचं सत्र चालतं, कार्यालयीन सोयीचं चारचं चालत नाही.

दुभाष्यावर चालणारं सत्र शक्यतो टाळावं. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं गेल्याने सरावाचा वेळ अर्ध्यावर येतो, आणि "आत्ता द्या" हे भाषांतर होऊन पोचेपर्यंत क्षण गेलेला असतो. दुसरा इलाज नसेल तर सराव आधी चित्रित करून घ्या आणि दुभाष्याला फक्त चर्चेत घ्या. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करणं कुठल्याही परिस्थितीत बरोबर नाही.

घरात कोणती भाषा बोलायची

"मुलाला आधीच बोलता येत नाही, त्यात दोन भाषा कशाला? फक्त इंग्रजी बोला." असा सल्ला हजारो घरांना मिळाला आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांनाही तो नवा नाही. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं नुकसान होतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट ज्या भाषेत आईला नीट बोलता येत नाही त्या भाषेत ती कमी बोलते, तुटक बोलते, गाणी म्हणत नाही, आणि वर सांगितलेलं प्रत्येक तंत्र तर बोलण्यावरच उभं आहे. शाळेत थेरपिस्ट इंग्रजी वापरत असेल तर दहा-पंधरा नेहमीचे शब्द आणि खुणा दोन्हीकडे जुळवून घ्याव्या. पाणी, आणखी, पुरे, उघड, मदत. चित्रकार्ड दोन्ही ठिकाणी तेच असलं की भाषा वेगळी असली तरी मुलाला अडत नाही.

फुकट काय, पैसे कुणाचे, मुदती कोणत्या

सुरुवात करायला काही भरवशाच्या गोष्टी विनामूल्य आहेत. सीडीसीचं विकासाचे टप्पे नोंदवायचं ॲप स्पॅनिशमध्ये आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या माइंड इन्स्टिट्यूटने डेन्व्हर मॉडेलवर आधारलेले लहान लहान व्हिडिओ पालकांसाठी खुले केले आहेत, तेही स्पॅनिशमध्ये मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य कार्यक्रम दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मूळ रूपात नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी, आणि २०२२ पासून ऑनलाइन रूपही. लॉस एंजलिसची फिएस्ता एदुकातिवा ही संस्था १९७८ पासून लॅटिनो पालकांना आपले हक्क शिकवते आहे. शिवाय प्रत्येक राज्यात केंद्र सरकारच्या पैशावर चालणारं निदान एक पालक-माहिती केंद्र असतं.

प्रत्यक्ष मार्गदर्शकाचे पैसे मात्र कुणीतरी भरावे लागतात. २१ वर्षांखालच्या, मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) असलेल्या मुलांच्या आवश्यक उपचारांचा खर्च राज्याने उचलावा असा कायदा आहे. वागणूक-उपचारांच्या बिलात पालक-प्रशिक्षणाचा स्वतंत्र संकेतांक असतो, ९७१५६, पंधरा मिनिटांच्या हिशेबाने. मंजुरीच्या पत्रात तो आहे का ते पाहावं. नसेल तर मुलाचे तास मंजूर होतात आणि आईवडिलांना शिकवायचे होत नाहीत. तो दूरस्थ सत्रासाठी चालतो की नाही हे राज्य आणि विमा कंपनीवर अवलंबून असतं, म्हणून हा प्रश्न फोनवर न विचारता लेखी विचारावा.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी राज्याच्या लवकर-मदत योजनेकडे पालक स्वतः अर्ज करू शकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, ऑटिझमचं पक्कं निदानही लागत नाही. नाव गेल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन होऊन पहिली योजना-बैठक व्हायला हवी. त्या योजनेत "पालकांना स्पॅनिशमध्ये प्रशिक्षण" हे कलम शब्दांत लिहून घ्यावं; तोंडी आश्वासनाची नोंद कुठेच राहत नाही.

कागदपत्रं नसलेली कुटुंबं भीतीपोटी हे सगळं टाळतात. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालाने अशा मुलांना सरकारी शाळेचा हक्क दिला आहे, आणि विशेष शिक्षण त्यातच येतं. तरी भीती खरी असते, आणि ऑनलाइन प्रशिक्षणात घराच्या आतलं चित्रण होतं हे विसरून चालत नाही. चित्रफीत कुठे साठवली जाते, कोण पाहतं, कधी पुसली जाते आणि चित्रण नाकारलं तरी प्रशिक्षण मिळतं का, या चार गोष्टी संमतीपत्रात स्पॅनिशमध्ये असाव्यात, आणि पहिल्या कॉलवर कुणीतरी त्या वाचून दाखवाव्यात.

मुलाचा तिसरा वाढदिवस ही कुटुंबं सर्वांत जास्त चुकवतात ती तारीख. त्या दिवशी लवकर-मदत योजना संपते आणि जबाबदारी शाळा-विभागाकडे जाते. बदलाची बैठक वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी व्हायला हवी. बोलावणं आलं नाही तर पालकांनी स्वतः पत्र लिहून ती मागावी, दुभाषी हवा असल्याचं त्याच पत्रात लिहावं आणि पत्राची तारीख टाकलेली प्रत जपून ठेवावी. मुलाच्या घरातल्या दोन चांगल्या चित्रफिती बैठकीला बरोबर न्याव्यात: एक मदतीशिवाय, एक मदतीसह. शाळेच्या अनोळखी खोलीत मूल जे दाखवत नाही ते त्यांत दिसतं.